जिप्सम टाकलं, तरी रानात दर उन्हाळ्यात मीठ फुटतंय

दिवाळीला रान बरं दिसतं. संक्रांतीपर्यंत ऊसही हिरवागार असतो. शिवरात्र सरली आणि ऊन तापायला लागलं, की वरंब्याच्या माथ्यावर पिठासारखी पांढरी भुकटी दिसते. आधी रुमालाएवढी, मग घोंगडीएवढी, आणि एप्रिलमध्ये सगळा कोपरा चुना सांडल्यासारखा. पावसात ती नाहीशी होते आणि आपण म्हणतो, धुऊन गेलं. पुढच्या शिवरात्रीला पुन्हा तेच, फक्त घोंगडी दोन हात मोठी झालेली.

आमच्या कृष्णाकाठच्या दोन एकरांत हे अकरा वर्षं चाललं. तेवढ्यात तीनदा जिप्सम टाकून झालं, एकदा गंधक टाकून झालं, आणि एकदा एका दुकानदाराने दिलेलं 'क्षार मारणारं' औषधही सोडून झालं. त्यात काय होतं ते बाटलीवर लिहिलेलं नव्हतं. आता कळतं की मीठ मारता येत नाही. ते इथून उठून दुसरीकडे जातं, एवढंच त्याचं होऊ शकतं. कुठून येतंय आणि जायला वाट आहे का, हे आम्ही अकरा वर्षांत एकदाही तपासलं नव्हतं. खालचा क्रम मी चुकत चुकत शिकलो. तुम्ही निदान क्रम तरी चुकवू नका.

आधी खात्री करा, की हे मीठच आहे

पांढरं दिसलं म्हणजे क्षार, असं नसतं. चुनखडीचे खडे नांगरटीत वर येतात, तेही पांढरेच. ते बोटांनी चुरडत नाहीत आणि पाण्यात विरघळत नाहीत. क्षाराची भुकटी चिमूटभर घेऊन पाण्यात टाका, ती बघता बघता दिसेनाशी होते.

पिकावरची खूण आणखी फसवी. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, असं दिसलं तर ती बहुधा लोहाची कमतरता असते. चुनखडीच्या रानात सोयाबीन आणि भुईमुगाला ती हमखास दिसते. मिठाचा फटका उलट बाजूने, जुन्या पानांपासून सुरू होतो. पानाचं टोक करपतं, मग कडा, मग करपट आत सरकते. द्राक्षाच्या पानाची कड जळते ती अशीच. उसात कांड्या आखूड राहतात, फुटवे कमी येतात आणि लागण विरळ दिसते. सगळ्यात पक्की खूण म्हणजे पायाखाली ओल असूनही भर दुपारी पीक माना टाकतं. ते बघून आपण आणखी पाणी देतो. ही चूक मी किती वेळा केली याची मोजदाद नाही.

ओल असून झाड तहानलेलं का राहतं? कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पातेल्याच्या तळाशी पाणी साचतं. फोडीतलं पाणी खारट बाजूकडे ओढलं जातं. मुळाजवळ हीच ओढाताण चालते. मातीतलं पाणी जितकं खारं, तितका ते आत घ्यायला मुळाला जोर लागतो. पहिल्या काही दिवसांत वाढ खुंटते ती याच कारणाने. दुसरा मार सावकाश बसतो. पाण्याबरोबर सोडियम आणि क्लोराइड पानात जातात, पानातून पाणी उडून जातं, ते दोघे मात्र आतच राहतात. म्हणून ज्या पानाने जास्त दिवस पाणी ओढलंय ते जुनं पान आधी जळतं. शिवाय सोडियमची गर्दी झाली की मुळाला पालाश नीट उचलता येत नाही. मग आपण पालाश कमी दिसतोय म्हणून म्युरेट ऑफ पोटॅश टाकतो, म्हणजे क्लोराइड आणखी वाढवतो. अशा रानात पालाश द्यायचाच तर सल्फेट ऑफ पोटॅश. महाग आहे, पण त्याने मिठात भर कमी पडते.

क्षारपड की चोपण?

गावात सरसकट 'क्षारपड' म्हणतात. पण हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर पैसे जातातच, कधी कधी रानही जातं.

क्षारपड रानात विरघळणारे क्षार जास्त असतात. वर पांढरा थर दिसतो, पण माती भुसभुशीत असते, पाणी आत मुरतं. चोपण रानात मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो. कण एकमेकांना सोडून देतात आणि छिद्रं बुजतात. पाऊस पडला की चिखल, सुकलं की दगड. वापसा येतच नाही. काल कुळव चालत नव्हता म्हणून थांबलो तर आज ढेकळं फुटत नाहीत. पाणी साचून राहिलं तर गढूळ, कधी तेलकट काळपट दिसतं. पांढरं मीठ इथे दिसेलच असं नाही, त्यामुळे आजार ओळखायला उशीर होतो.

घरच्या घरी एक परीक्षा होते. वाटाण्याएवढं सुकं ढेकूळ घ्या आणि काचेच्या ग्लासात पावसाच्या किंवा बॅटरीत घालायच्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात अलगद सोडा. ढवळायचं नाही, हलवायचं नाही. बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांमुळे निकाल बिघडतो. ढेकूळ विरघळून ढिगारा झाला पण वरचं पाणी नितळ राहिलं, तर चोपणपणा नाही. ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला आणि सकाळपर्यंत पाणी गढूळच राहिलं, तर सोडियम आहे.

या परीक्षेत एक फसगत आहे. काही रानांत दोन्ही आजार एकत्र असतात, म्हणजे क्षारही जास्त आणि सोडियमही जास्त. तिथे मीठच मातीचे कण धरून ठेवतं, त्यामुळे ग्लासातलं पाणी नितळ दिसतं आणि रान नुसतं क्षारपड वाटतं. मग कोणी उत्साहाने भरपूर पाणी सोडून मीठ धुऊन काढतं. मीठ जातं, सोडियम मागे राहतो आणि होतं तेवढं भुसभुशीत रान चिकट चोपण होऊन बसतं. तेव्हा तेच ढेकूळ ग्लासातलं पाणी दोन-तीनदा बदलून पुन्हा तपासा. तिसऱ्या पाण्याला ढग सुटला तर धुण्याआधी जिप्सम लागणार, हे नक्की.

ग्लासावर निभावून नेऊ नका, माती परीक्षणही करा. पण नमुना नीट घ्या. खराब ठिकाणचा वेगळा आणि चांगल्या ठिकाणचा वेगळा. एकत्र मिसळले तर आलेला आकडा कुठल्याच रानाचा नसतो. वरचा पांढरा पापुद्रा खरवडून बाजूला करा. पहिली अर्धी वीत, मग एक फुटापर्यंत, मग दोन फुटांपर्यंत असे तीन थर वेगळे द्या. एप्रिल-मेमध्ये द्या, पावसाळ्यानंतर नको. आणि 'विनिमययोग्य सोडियम', म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, 'काढून द्या' असं तोंडाने सांगा. नेहमीच्या अहवालात सामू (पीएच), ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप), नत्र, स्फुरद, पालाश एवढंच असतं, सोडियम सांगितल्याशिवाय कोणी काढत नाही.

अहवाल हातात आला की पुस्तकातला आकडा त्याला तसाच लावायचा नाही. क्षारपड म्हणजे ईसी ४ च्या वर, हे पुस्तकातलं माप मातीचा लगदा करून त्यातून काढलेल्या पाण्याचं असतं. आपल्याकडच्या प्रयोगशाळा बहुधा एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून ईसी मोजतात. म्हणजे द्रावण पातळ, म्हणून आकडा लहान. भारी काळ्या रानात पुस्तकी आकडा या आकड्याच्या साधारण तिप्पट-चौपट निघतो. माझ्या अहवालात १.६ होतं. मी म्हटलं, चारच्या किती खाली आहे! प्रत्यक्षात ते पाच-सहाच्या घरात होतं. कोणत्या पद्धतीने मोजलंय हे प्रयोगशाळेला विचारल्याशिवाय त्या आकड्यावरून काहीही ठरवू नका.

चोपणची खूण सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर. हे १५ सुद्धा पुस्तकी आहे. आपल्या काळ्या चिकण रानात निचरा त्याच्या खूप आधी बिघडायला लागतो. त्यामुळे आठ-दहा टक्के वाचून निवांत बसू नका.

आता खड्डा खणा

इथवर सगळेच येतात. यापुढचं काम फुकट आहे, कष्टाचंही फारसं नाही, तरी कोणी करत नाही.

पांढऱ्या पट्ट्यात पाच-सहा फूट खोल भोक पाडा. ऑगर नसेल तर खांब रोवायची पहार आणि पळी चालते. त्यात दोन इंची पीव्हीसी पाइप उभा करा. पाइपच्या खालच्या तीन फुटांना ड्रिलने भोकं पाडून गोणपाट गुंडाळा, बाजूने खडी भरा आणि वर टोपण लावा. असेच आणखी दोन पाइप लावा, एक चांगल्या ठिकाणी आणि एक वरच्या अंगाच्या बांधाजवळ. आठवड्यातून एकदा दोरीला दगड बांधून आत सोडायचा आणि पाणी किती खाली लागतं ते वहीत लिहायचं. एवढंच.

आमच्या खराब कोपऱ्यात फेब्रुवारीत पाणी अडीच फुटांवर लागलं. उसाला पाणी दिल्यावर दोन फुटांवर आलं. सबंध वर्षात ते साडेतीन फुटांखाली कधी गेलंच नाही. अकरा वर्षं आम्ही जे वरून शोधत होतो ते पायाखाली अडीच फुटांवर उभं होतं.

काळ्या मातीची छिद्रं बारीक असतात. कंदिलाची वात तेल वर ओढते तशी ती माती खालचं पाणी वर ओढते. भूजल पाच फुटांच्या आत आलं की ही वात वरपर्यंत पेटते. पाणी वर येतं, उन्हाने उडतं, मीठ वरच राहतं. रान उन्हाळ्यात मोकळं ठेवलं तर आणखी जोरात, कारण सावली नाही आणि मुळंही नाहीत. म्हणून मीठ शिवरात्रीनंतर दिसतं आणि पावसात 'जातं'. जातं म्हणजे फूटभर खाली सरकतं आणि उन्हाची वाट बघत बसतं.

हे मीठ येतं कुठून? बरंचसं आपणच आणून टाकतो. हिशोब करा. ईसी १ असलेल्या पाण्यात लिटरला साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. एका एकरावर वर्षभरात एक मीटर उंचीचं पाणी दिलं तर ते चाळीस लाख लिटर होतं, आणि त्यातून अडीच टनांहून जास्त मीठ येतं. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षाला दोन मीटर पाणी सहज जातं. नदीचं गोडं पाणी, ईसी ०.३, तेवढं दिलं तरी एकरी दीड टन होतं. पिकाच्या मुळातून त्यातलं किरकोळच वर जातं, बाकीचं रानात राहतं. निचरा असेल तर ते खाली वाहून जातं. नसेल तर ही बिनव्याजी ठेव दरवर्षी वाढत जाते.

हा रोग आपल्या पिढीचाही नाही. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि पंचवीसेक वर्षांतच नीरेच्या खोऱ्यात रानं खारी व्हायला लागली. पुण्याच्या शेती कॉलेजचे त्या वेळचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी १९१० च्या सुमारास तिथल्या खाऱ्या जमिनींचा अभ्यास केला होता. पाणी आलं, ऊस आला, निचरा मात्र कोणाच्या आराखड्यात नव्हता. आमच्याकडे कोयनेनंतर उपसा योजना आल्या तेव्हाही पाइप पाणी आणायला टाकले, न्यायला कोणी टाकले नाहीत.

तर वहीतला आकडा बघा. वर्षभर पाणी पाच फुटांच्या खाली असेल तर तुमची अडचण बहुधा बोअरच्या पाण्याची किंवा चोपणपणाची आहे, त्याबद्दल पुढे येतं. तीन-चार फुटांच्या आत असेल, तर निचऱ्याशिवाय कितीही जिप्सम टाका, मी आजच सांगतो काय होणार.

बांधाजवळच्या तिसऱ्या पाइपचं काम वेगळं आहे. त्यातलं पाणी तुमच्या रानातल्यापेक्षा उंच असेल तर ते वरच्या अंगाने येतंय. कालवा गळतोय, नाहीतर वरचा शेजारी उसाला रात्रभर मोटर लावून झोपतोय. तेव्हा तुमच्या रानाच्या मध्यात काही करण्याआधी वरच्या बांधालगत चार-साडेचार फूट खोल चर काढून ते पाणी आडवंच ओढ्याकडे वळवावं लागतं. यावरून भांडणं होतात. वहीतले आकडे हातात असले तर थोडी कमी होतात.

जिप्समने काम का केलं नाही

जिप्सम वाईट नाही. आपण त्याला भलतंच काम सांगतो. जिप्सममधला कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला हुसकावतो आणि त्याची जागा घेतो. हुसकावलेला सोडियम सल्फेटच्या रूपात मातीच्या पाण्यात येतो आणि तिथून त्याला बाहेर जावं लागतं. वाट नसेल तर तो तिथेच राहतो आणि उन्हाळ्यात आपल्याच जिप्समच्या सल्फेटबरोबर वर येऊन पांढरा दिसतो. आमच्या रानातलं काही 'मीठ' आम्हीच पोत्यांनी आणलेलं असणार, असं मला हल्ली वाटतं.

रान नुसतं क्षारपड असेल, सोडियम कमी असेल, तर जिप्समची गरजच नाही. तिथे गोडं पाणी आणि निचरा एवढंच औषध. वाट मोकळी असेल तर जितक्या खोलीची माती धुवायची तितक्याच उंचीचं पाणी बांध घालून मुरवलं की त्या थरातले सुमारे ८० टक्के क्षार खाली जातात. पावसाळ्यात बांधबंदिस्ती करून पाऊस रानातच मुरवणं हा त्याचाच फुकटचा प्रकार.

चोपणात जिप्सम लागतं, पण किती? एकरी चार पोती टाकायची पद्धत कुठून आली कोण जाणे. वरच्या अर्ध्या फुटातून शंभर ग्रॅम मातीमागे एक मिलिइक्विव्हॅलंट (हे प्रयोगशाळेचं मोजायचं एकक) सोडियम हलवायला एकरी साधारण पाऊण टन, म्हणजे ०.७५ ते ०.८ टन शुद्ध जिप्सम लागतं. खऱ्या चोपण रानात असे तीन-चार एकक हलवायचे असतात. मग चार पोती म्हणजे समुद्रात चिमूटभर. प्रयोगशाळेकडून 'जिप्समची गरज' काढून घ्या आणि तेवढंच, झेपत नसेल तर दोन हप्त्यांत टाका.

तिसरी चूक वेळेची. जिप्सम पाण्यात फार कमी विरघळतं, स्वच्छ पाण्यात लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास. एकरी एक टन विरघळायला सगळ्या एकरभर चार इंच पाणी लागतं. आम्ही ते मार्चमध्ये फेकून वर कुळव फिरवला होता. जूनमध्ये ढेकळात पांढरे गोळे जसेच्या तसे. जिप्सम बारीक दळलेलं हवं, मेअखेर वरच्या चार इंचांत मिसळून टाकायचं आणि पावसाचं पाणी बांधात अडवायचं. खोल नांगरून गाडलं तर ते खालच्या मातीत विभागलं जातं आणि कुठेच पुरेसं पडत नाही.

आणि गंधक? आपल्या काळ्या रानात चुनखडी असते, म्हणजे कॅल्शियम आधीच आहे, फक्त विरघळत नाही. गंधक टाकलं की मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि ते आम्ल चुनखडीतला कॅल्शियम मोकळा करतं. एक टन गंधक साधारण साडेपाच टन जिप्समचं काम करतं. मात्र जिवाणूंना ऊब, ओल आणि हवा लागते, आणि आठवडे लागतात. पाणी तुंबलेल्या रानात हवा नाही, तिथे गंधक पडून राहतं. आमचं पडून राहिलं. चुनखडी आहे का ते बघायला मातीवर फरशी धुवायच्या आम्लाचे दोन थेंब टाका, फसफसलं तर आहे. थेंब टाकताना डोळे जपा, पोरांना लांब ठेवा. फसफसलं नाही तर गंधक नको, जिप्समच.

निचरा केला, तरी परत येतंय

हेही होतं, आणि तेव्हा माणूस पार खचतो. सच्छिद्र पाइपचा निचरा आमच्या भागात आता नवा राहिलेला नाही. शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन केलेलं काम बघायला बाहेरगावची माणसं येतात. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रातही या विषयावर काम झालं आहे. पद्धत साधारण अशी: भोकं असलेला पन्हळी पाइप, त्यावर गाळणीचं कापड, सव्वा मीटरच्या आसपास खोल, दोन ओळींत वीस-तीस मीटर अंतर, सगळ्या ओळी एका मोठ्या पाइपला आणि तो ओढ्याला.

बिघाड शोधताना शेवटाकडून सुरुवात करा. पाइपचं तोंड ओढ्यात पाण्याखाली बुडालंय का? ओढा गाळाने भरला, पाणकणीस माजलं, की तोंड बुडतं आणि पाइप उलटा भरतो. आमच्याकडच्या दहातल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. एकट्याने आपल्या रानात पाइप घालून भागत नाही ते यासाठीच. ओढा सगळ्यांचा असतो, म्हणजे कोणाचाच नसतो.

तोंड उघडं आहे पण पाणी देऊनही दोन दिवसांत थेंब नाही? मग पाइपच्या वाटेवरची, तपासणीसाठी ठेवलेली मधली हौदी उघडा. तिथे पाणी साचलं असेल तर हौदी आणि तोंड यांच्यामध्ये अडलंय: गाळ, बाभळीची मुळं, नाहीतर ट्रॅक्टरने दबलेला पाइप. हौदीही कोरडी आणि वर रानात मात्र चिखल, तर पाणी पाइपपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे रान चोपण आहे आणि पाइपच्या आधी जिप्सम हवं होतं. घाबरू नका, आता टाकलं तरी चालतं, पाइप वाया जात नाही.

पाणी वाहतंय पण मीठ येतंच आहे, असं वाटत असेल तर पेनासारखा ईसी मीटर घ्या. वाहून जाणारं पाणी मोजा, देताय ते पाणी मोजा. बाहेरचं पाणी कितीतरी खारं असेल तर काम चालू आहे, दम धरा. पहिल्या दोन पावसाळ्यांत पांढरं दिसणं थांबत नाही, पट्टा लहान होत जातो.

आणि हो, निचरा झाला म्हणून पाणी दुप्पट द्यायला लागू नका. मी लागलो होतो.

बोअरचं पाणी

पाणी परीक्षणात ईसीबरोबर आरएससी, म्हणजे उरलेला सोडियम कार्बोनेट, आवर्जून काढा. लिटरला १.२५ मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत चालतं, २.५ च्या वर गेलं तर ते पाणी गोड लागलं तरी रान हळूहळू चोपण करतं. जिभेवर विश्वास ठेवू नका. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा याहून अवघड: भूजलच खारं, माती घट्ट काळी, ओलिताचा मोह केला तर रानच हातचं जातं. तिथे शेततळ्यात अडवलेलं पावसाचं पाणी हाच काय तो भरवसा.

कोकणातल्या खाजणांचा प्रश्न वेगळा, तिथे मीठ भरतीबरोबर वरून येतं. बांध आणि उघाडीचं दार शाबूत ठेवलं की पाऊस बाकीचं धुतो, आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे पनवेल मालिकेतले भाताचे वाण किंवा गोव्यातला कोरगुट तिथे उभा राहतो.

तोवर पेरायचं काय

दुरुस्तीला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर पोट थांबत नाही. पिकांची ताकद सारखी नसते. आकडे पुस्तकी ईसीचे आहेत, प्रयोगशाळेच्या आकड्याला वर सांगितलं तसं गुणून घ्या. उसाचं उत्पादन १.७ पासूनच घटायला लागतं, पुढे प्रत्येक एककाला सहाएक टक्के. म्हणजे ईसी ६ ला पाव ऊस गेला, आणि तो गेला हे कळतही नाही, कारण रान हिरवंच दिसतं. कांदा १.२ ला हरतो आणि एककाला १६ टक्के घसरतो. ४ ला जवळपास निम्मा. घेवड्याचं त्याहून वाईट. सोयाबीन ५ पर्यंत टिकतं आणि मग कड्यावरून पडल्यासारखं, एककाला २० टक्के. गहू ६ पर्यंत, ज्वारी जवळजवळ ७ पर्यंत, कापूस साडेसातच्या पुढे, बार्ली ८ पर्यंत. आमच्याकडे बार्ली कोणी खात नाही, पण गहू-ज्वारी खातात. खराब पट्ट्यात ऊसच हवा हा हट्ट दोन वर्षं सोडा. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचे केआरएल २१० सारखे गव्हाचे वाण अशाच जमिनींसाठी काढलेले आहेत, हरभऱ्यात त्यांचा करनाल चना १ आहे.

हे आकडे उभ्या पिकाचे झाले. उगवणीचा काळ त्याहून नाजूक. बीटची साखरी जात मोठेपणी भलतं मीठ सोसते, पण उगवताना मरते. भात उलट, उगवतो बरा, रोप कोवळं असताना आणि फुलोऱ्यात मार खातो. म्हणून पेरणीआधी एक भरपूर पाणी द्या, बियाणं थोडं जास्त धरा, आणि जागा बदला. सरीत पाणी सोडलं की मीठ वरंब्याच्या माथ्यावर गोळा होतं, तेव्हा बी माथ्यावर नको, बगलेत टोका.

ठिबक असेल तर ओल्या गोलाच्या कडेला मिठाचं कडं बनतं. वळवाचा हलका पाऊस आला की ते कडं थेट मुळात ढकललं जातं आणि दोन दिवसांत पीक कोमेजतं. लोक म्हणतात, पाऊस बाधला. अशा वेळी पाऊस चालू असतानाच ठिबक चालू ठेवा, मीठ बाहेरच्या बाहेर राहतं. बघणारे हसतील, हसू द्या.

पाचट जाळू नका, ते पांघरलं की उन्हाचा ताप कमी आणि वातीचा जोरही कमी. चोपणात धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक जूनमध्ये पेरून फुलोऱ्याआधी, दीडेक महिन्यात गाडा. त्याला तुंबलेलं पाणीही चालतं आणि सोडियमही. अशा रानात नत्र नेहमीपेक्षा पाव हिस्सा जास्त लागतं, कारण चढ्या सामूला युरियाचा अमोनिया होऊन उडतो. युरियाऐवजी अमोनियम सल्फेट बरं. जस्तही अशा मातीत अडकून बसतं, हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट द्या.

आमच्या वहीत या मेमध्ये खराब कोपऱ्यातलं पाणी चार फूट सात इंचांवर आहे. घोंगडीचा आता पंचा झालाय. परवा पाइपचं तोंड बघायला गेलो तर आत उंदराने घर केलेलं. जाळी बसवायची राहिली होती. तुम्ही पाइप घालाल तेव्हा त्याच दिवशी जाळी बसवा.